‘मर्ज’ कमांडचं पान, एजंट वाचतील असं: प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

आजपासून ‘मर्ज’ कमांडचं पान हातात घेतलं. ही कमांड एका टेबलातल्या ओळी दुसऱ्या टेबलात मिळवते: असलेल्या ओळी बदलते, नसलेल्या घालते आणि सांगितलं तर काढूनही टाकते. वेअरहाउसच्या (विश्लेषणासाठी डेटा साठवणाऱ्या यंत्रणेच्या) आमच्या अंतर्गत दस्तऐवजातलं हे पान जुनं आहे: कमांडचा साचा, चार परिच्छेद आणि एक उदाहरण. माणसांना ते पुरत होतं. आता डेटा वाहून नेणाऱ्या पाइपलाइन दुरुस्त करणारे आणि स्टेजिंगमधला (नवा डेटा आधी उतरतो त्या तात्पुरत्या टेबलातला) डेटा मुख्य टेबलात चढवणारे एआय एजंट हेच पान शोधून वाचतात आणि वाचून झालं की लगेच कमांड चालवतात.

जुन्या पानात एक वाक्य आहे: ‘ही कमांड डेटा बदलते, काळजीपूर्वक वापरावी.’ माणूस हे वाचतो तेव्हा त्याला काहीतरी आठवतं. कुणाच्या तरी हातून एकदा चुकीच्या टेबलातल्या ओळी उडाल्या होत्या, ती रात्र आठवते. हात थबकतो. शेजारच्या खुर्चीकडे वळून तो म्हणतो, ‘जरा बघतोस का?’ एजंटकडे ती रात्र नाही आणि शेजारची खुर्चीही नाही. ‘काळजीपूर्वक’ म्हणजे काय करायचं हे लिहिलेलं नसेल, तर ते वाक्य त्याच्यासाठी कोरंच आहे.

तेव्हा काम असं ठरवलं: ‘काळजी’ या एका शब्दात आपण जे जे कोंबून ठेवलं आहे ते बाहेर काढायचं आणि तपासता येईल अशा भाषेत लिहायचं.

३ सप्टेंबर, बुधवार

कमांडचं वागणं मुळापासून पुन्हा वाचलं. सोर्स (ज्यातून डेटा येतो ते टेबल) आणि टार्गेट (ज्यात तो मिळवायचा ते टेबल) यांची जोडणी ‘ऑन’ अटीवर होते. जुळलेल्या ओळींसाठी ‘व्हेन मॅच्ड’, न जुळलेल्यांसाठी ‘व्हेन नॉट मॅच्ड’. एकाच प्रकारच्या अनेक शाखा असतील तर ज्या शाखेची अट आधी खरी ठरते तीच चालते, बाकीच्या त्या ओळीपुरत्या गळतात. शाखांचा क्रम बदलला की निकाल बदलतो. जुन्या पानात हे नाही.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. एजंट आमच्या पानावर येतो तो कोऱ्या पाटीने येत नाही. मर्ज एसक्यूएलच्या मानकात २००३ पासून आहे आणि प्रत्येक डेटाबेसने ते आपल्या परीने वाढवलं आहे. ओरॅकलमध्ये अपडेटच्या शाखेतच ‘डिलीट व्हेअर’ लिहिता येतं, आणि त्याची अट अपडेट झाल्यानंतरच्या मूल्यांवर तपासली जाते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून मर्ज आहे आणि शेवटी अर्धविराम सक्तीचा आहे. पोस्टग्रेसमध्ये मर्ज २०२२ साली पंधराव्या आवृत्तीत आलं. त्याआधी तिथली मंडळी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ वापरत. मायएसक्यूएलमध्ये मर्ज नाहीच. एजंटने हे सगळं कुठे ना कुठे वाचलेलं असतं आणि लिहिताना ते एकमेकांत मिसळतं.

म्हणजे पानाला दोन कामं आहेत: आमचं मर्ज काय करतं ते सांगणं, आणि इतर ठिकाणची कोणती सवय इथे चालणार नाही ते सांगणं. दुसऱ्या कामासाठी पानात अगदी वरच जागा ठेवली.

४ सप्टेंबर, गुरुवार

पान लिहिण्याआधी जुन्याच पानावर एजंट कसा वागतो ते पाहिलं. टेबलांचा क्लोन, म्हणजे चाचणीपुरती प्रत घेतली, एजंटच्या रोलला फक्त त्या क्लोनवर परवानगी दिली आणि काम सांगितलं: स्टेजिंगमधल्या आजच्या ऑर्डरी मुख्य टेबलात मिळवून दोन्ही टेबलं एकसारखी कर.

त्याने कमांड नेटकी लिहिली. मॅच्ड असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट, आणि शेवटी ‘व्हेन नॉट मॅच्ड बाय सोर्स’ असेल तर डिलीट.

स्टेजिंगमध्ये फक्त आजच्या ऑर्डरी होत्या. ‘सोर्समध्ये नाही’ याचा अर्थ मग आजच्या सोडून बाकी सगळ्या. क्लोनमध्ये फक्त आजच्या उरल्या. कमांड यशस्वी, एकही एरर नाही. एजंटने शेवटी कळवलं की दोन्ही टेबलं आता एकसारखी आहेत, आणि ते खरंच होतं.

त्याला दोष देणं मला पटत नाही. ‘एकसारखी कर’ हे माझेच शब्द. माणसाने मला विचारलं असतं, ‘स्टेजिंगमध्ये सगळा डेटा आहे की फक्त आजचा?’ हा प्रश्न पानात कुठेच नव्हता.

पानातला पहिला नियम इथून निघाला. सोर्समध्ये टार्गेटचा पूर्ण संच आहे, असं काम देणाऱ्याने शब्दांत सांगितलं असेल तरच ‘नॉट मॅच्ड बाय सोर्स’ची डिलीट शाखा लिहायची. सांगितलं नसेल तर शाखा गाळायची आणि गाळल्याचं उत्तरात कळवायचं. टेबलाच्या नावावरून किंवा ओळींच्या संख्येवरून अंदाज बांधायचा नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आज सोर्समधल्या डुप्लिकेट ओळी.

टार्गेटच्या एका ओळीला सोर्समधल्या दोन ओळी जुळल्या तर अपडेट कोणत्या ओळीने करायचं, हे कमांडला ठरवता येत नाही. बिगक्वेरी हे वेअरहाउस अशा वेळी सरळ एरर देतं. डेल्टा लेकमध्येही मर्ज फसतं. स्नोफ्लेक या दुसऱ्या वेअरहाउसमध्ये यासाठी पॅरामीटर आहे, ‘एरर ऑन नॉनडिटरमिनिस्टिक मर्ज’, तो मुळात चालू असतो. बंद केला तर दोनपैकी कोणती तरी एक ओळ घेतली जाते आणि कोणती ते सांगता येत नाही. आमच्याकडे एरर येते, आणि ती येते हे भाग्यच.

एरर आल्यावर एजंट काय करतो? मी बघितलं. तो सोर्सवर ‘रो नंबर’ (ओळींना क्रमांक देणारं फंक्शन) लावतो, कीनुसार (ओळ ओळखणाऱ्या कॉलमनुसार) गट पाडतो, प्रत्येक गटातली पहिली ओळ ठेवतो. तंत्र बरोबर आहे. पण ‘पहिली’ ठरवायला त्याने लोड होण्याची वेळ घेतली होती आणि एका बॅचमधल्या सगळ्या ओळींची लोड होण्याची वेळ एकच होती. एरर गेली आणि मुळातली अनिश्चितता तशीच राहिली, फक्त आता तिच्यावर पांघरूण होतं. मला हे एररपेक्षा वाईट वाटतं.

दोन ऑर्डर-ओळींपैकी खरी कोणती, हा प्रश्न एसक्यूएलचा नाही, ज्याचा डेटा आहे त्याचा आहे. पानात लिहिलं: डुप्लिकेट काढताना क्रम ठरवणारा कॉलम कामाच्या वर्णनातून किंवा टेबलाच्या माहितीतून मिळाला पाहिजे, आणि त्या क्रमाने प्रत्येक कीसाठी एकच ओळ वर येते हे आधी मोजून पाहिलं पाहिजे. बरोबरी निघाली तर थांबायचं आणि त्या ओळी दाखवून विचारायचं.

त्याच अंगाने आणखी एक. एजंटने स्कीमामध्ये प्रायमरी की पाहिली आणि टार्गेटमध्ये डुप्लिकेट नाहीत असं गृहीत धरलं. व्यवहारांच्या डेटाबेसमध्ये ते चाललं असतं. बिगक्वेरी, रेडशिफ्ट आणि स्नोफ्लेकच्या साध्या टेबलांत प्रायमरी की ही नुसती माहिती असते, ती पाळली जाईल याची हमी वेअरहाउस देत नाही. आमच्याकडेही तसंच. आणि टार्गेटमध्ये डुप्लिकेट असतील तर मर्ज तक्रारही करत नाही: सोर्सची एक ओळ टार्गेटच्या तीन ओळींना जुळली तर तिन्ही मुकाट्याने अपडेट होतात. हे वाक्य पानात ठळक केलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

नल, म्हणजे मूल्यच नसलेली जागा. नल बरोबर नल ही तुलना खरी ठरत नाही, ‘अज्ञात’ ठरते. कीमध्ये नल असलेली ओळ कधीच जुळत नाही, म्हणून ती प्रत्येक वेळी ‘नॉट मॅच्ड’मध्ये जाते आणि पुन्हा इन्सर्ट होते. रोजच्या मर्जमध्ये रोज एक नवी प्रत.

पानात दोन ओळी पुरल्या: कीच्या प्रत्येक कॉलममध्ये नल किती आहेत ते आधी मोजा, शून्य नसतील तर ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’ (दोन नल सारखे मानणारी तुलना) वापरायचं की त्या ओळी बाजूला काढायच्या, हे विचारा. एजंटने स्वतःहून नलच्या जागी रिकामी अक्षरं किंवा शून्य घालू नये. मग अनोळखी ग्राहकांच्या सगळ्या ओळी एकाच ग्राहकाच्या होऊन बसतात.

११ सप्टेंबर, गुरुवार

या एका मुद्द्याने पूर्ण दिवस घेतला आणि तो घ्यायलाच हवा होता.

मुख्य टेबल ऑर्डरच्या तारखेनुसार पार्टिशन केलेलं, म्हणजे वेगवेगळ्या तुकड्यांत साठवलेलं आहे. ‘ऑन’मध्ये फक्त ऑर्डर क्रमांक दिला तर वेअरहाउसला टार्गेटची सगळी पार्टिशन वाचावी लागतात. वाचलेल्या डेटावर पैसे मोजावे लागतात, म्हणून अनुभवी माणसं ‘ऑन’मध्ये एक अट वाढवतात: टार्गेटची तारीख गेल्या ७ दिवसांतली असावी. खर्च उतरतो. जुन्या पानात ही युक्ती ‘कामगिरी सुधारण्यासाठी’ या मथळ्याखाली दिलेली आहे. एजंटने ती उचलली. का उचलू नये?

आता २० दिवसांपूर्वीची एक ऑर्डर आज बदलते. ती सोर्समध्ये आहे, टार्गेटमध्येही आहे. पण टार्गेटमधल्या ओळीची तारीख ७ दिवसांच्या आत नाही, म्हणून ‘ऑन’ची अट खोटी, म्हणून ओळ ‘नॉट मॅच्ड’, म्हणून इन्सर्ट. त्याच क्रमांकाच्या आता दोन ऑर्डरी. की पाळली जात नसल्याने एरर नाही. अहवालात विक्री वाढलेली दिसेल आणि काही दिवस सगळे खूश असतील.

चूक समजायला अवघड का जाते याचा विचार केला. ‘व्हेअर’मधली अट ओळी गाळते. ‘ऑन’मधली अट ओळी गाळत नाही, त्यांना एका शाखेतून दुसऱ्या शाखेत ढकलते. दिसायला दोन्ही अटी सारख्याच. पानात हा फरक याच शब्दांत लिहिला आहे.

आणि यात ‘नॉट मॅच्ड बाय सोर्स’ची डिलीट शाखा असेल तर संकट दुप्पट. ७ दिवसांबाहेरच्या टार्गेटच्या सगळ्या ओळी ‘सोर्समध्ये न जुळलेल्या’ ठरतात. म्हणजे खर्च वाचवायला घातलेल्या अटीने इतिहास पुसला जातो.

मग करायचं काय? ऑर्डरची तारीख न बदलणारी असेल आणि सोर्समध्येही असेल, तर जोडणी क्रमांक आणि तारीख या दोन्हींवर करायची. शिवाय सोर्समधली किमान आणि कमाल तारीख आधी वेगळ्या क्वेरीने काढून ती मूल्यं टार्गेटच्या तारखेवरची मर्यादा म्हणून घालायची. मर्यादा सोर्समधून आलेली असल्याने सोर्सची कोणतीही ओळ तिच्याबाहेर पडत नाही. पार्टिशनचा कॉलम बदलणारा असेल, उदाहरणार्थ ‘शेवटचा बदल’, तर ही युक्ती चालत नाही. तिथे सगळी पार्टिशन वाचावी लागतील, तेवढा खर्च स्वीकारायचा.

‘कामगिरी’चा तो मथळाच काढून टाकला. जी अट निकाल बदलते ती कामगिरीच्या सदरात ठेवणं ही आमची जुनी चूक होती आणि माणसांच्या हातूनही ती घडली असणार. आजच दोन जुन्या पाइपलाइन तपासायला दिल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रात्रपाळीला वेअरहाउस सांभाळणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना कच्चं पान दाखवलं. त्यांनी शांतपणे पूर्ण वाचलं आणि विचारलं, ‘कमांड चालली की नाही हेच कळलं नाही, तर? ते कुठे लिहिलंयस?’

‘म्हणजे टाइमआउट, सर?’

‘टाइमआउट, कनेक्शन तुटणं, काहीही. तुझा एजंट पुन्हा चालवणार. मी पण तेच केलं असतं, पण मी आधी हिस्टरी उघडतो. तो उघडेल का? तू सांगितलंस तर उघडेल.’

कालपर्यंत मला वाटत होतं की पान जवळपास झालं.

१५ सप्टेंबर, सोमवार

सरांच्या प्रश्नावर दिवस. क्लायंटच्या बाजूने वेळ संपली म्हणून वेअरहाउस थांबत नाही. कमांड तिकडे चालू राहते आणि पूर्णही होते. एजंटला दिसतं ते ‘टाइमआउट’ आणि त्याचा अर्थ तो ‘झालं नाही’ असा लावतो.

मर्ज पुन्हा चालवणं सुरक्षित असतं असा एक समज आहे. ते कमांडवर नाही, शाखेत काय लिहिलं आहे त्यावर अवलंबून आहे. ‘शिल्लक म्हणजे सोर्समधली शिल्लक’ असं अपडेट दहा वेळा चालवलं तरी निकाल एकच. ‘शिल्लक म्हणजे जुनी शिल्लक अधिक सोर्समधली रक्कम’ हे दुसऱ्यांदा चालवलं की रक्कम दोनदा धरली जाते. कीमध्ये नल असले की इन्सर्टची शाखाही दुसऱ्या वेळी नवी प्रत घालते. शाखेत चालू वेळ किंवा यादृच्छिक ओळखक्रमांक भरला असेल तरी दोन वेळचे निकाल वेगळे.

पानात क्रम दिला. चालवण्याआधी प्रत्येक कमांडला आपला ओळखक्रमांक द्यायचा; बिगक्वेरीत जॉबचा क्रमांक क्लायंटला ठरवता येतो आणि त्याच क्रमांकाचा जॉब दुसऱ्यांदा सुरू होत नाही, एजंट ज्यातून कमांड चालवतो त्या आमच्या टूलनेही आता तेच धोरण घेतलं आहे. उत्तर आलं नाही तर त्या क्रमांकाची स्थिती विचारायची. चालू असेल तर वाट पाहायची. पूर्ण असेल तर पुन्हा चालवायची नाही, मोजणीकडे जायचं. फसली असेल तर एरर वाचायची. स्थितीच कळली नाही तर थांबायचं. पुन्हा प्रयत्न करण्याची परवानगी फक्त ‘फसली’ या एका उत्तरावर.

टूल सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, ‘अगं, एवढं पानात कशाला? टूलमध्येच बसवूया.’ बसवूया, नक्कीच. पण उद्या कुणी एजंटला दुसऱ्या ड्रायव्हरमधून जोडलं तर पान तरी बरोबर असावं.

१७ सप्टेंबर, बुधवार

पूर्वतपासणी. ‘चालवण्याआधी तपासा’ लिहिलं तर एजंट काय काय करतो ते पाहिलं आणि एका ठिकाणी धसका बसला. चाचणीच्या पोस्टग्रेसवर त्याने तपासणी म्हणून ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ लावलं. नुसतं ‘एक्सप्लेन’ आराखडा दाखवतं. ‘ॲनालाइझ’ जोडलं की कमांड खरोखर चालते आणि डेटा बदलतो. ट्रान्झॅक्शनमध्ये घालून मागे घेतली नाही तर तो बदल राहतो. नावात ‘समजावून सांग’ असल्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. आता पानात तिचं नाव घेऊन मनाई आहे.

बिगक्वेरीसारख्या ठिकाणी ड्राय रन असतो, म्हणजे कमांड न चालवता केलेली तपासणी. तो कमांड बरोबर लिहिली आहे का आणि साधारण किती डेटा वाचला जाईल हे सांगतो. किती ओळी बदलतील, किती जातील हे सांगत नाही. एजंट मात्र ‘ड्राय रन यशस्वी, कमांड सुरक्षित आहे’ असं लिहितो. ‘यशस्वी’ या शब्दाची व्याप्ती पानात आखून दिली.

खरी तपासणी म्हणजे त्याच सोर्सने आणि त्याच ‘ऑन’ अटीने फुल आउटर जॉइन (दोन्हीकडच्या न जुळलेल्या ओळीही ठेवणारी जोडणी) करून मोजणी: किती ओळी जुळतात, किती फक्त सोर्समध्ये, किती फक्त टार्गेटमध्ये, किती कींसाठी सोर्समध्ये एकाहून अधिक ओळी. हे चार आकडे आधी, आणि चालवल्यावर वेअरहाउसने दिलेले इन्सर्ट, अपडेट, डिलीटचे आकडे नंतर. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. बसला नाही तर एजंटने कारण शोधत बसायचं नाही, लगेच कळवायचं. मधल्या वेळेत दुसऱ्या कुणी टेबलात लिहिलं असेल तरी मेळ बसणार नाही, आणि तेही कळायला हवं.

मर्यादेचा आकडा किती ठेवायचा यावर वाद झाला. ‘टार्गेटच्या १० टक्क्यांहून अधिक ओळी बदलत असतील तर थांबा’ असं एकाने सुचवलं. मी लिहिलं नाही. किंमत-यादीच्या टेबलात रोज सगळ्या ओळी बदलतात. हिशेबाच्या टेबलात एक ओळ बदलली तरी विचारायला हवं. मर्यादा टेबलाच्या माहितीत राहील, टेबलाचा मालक ती भरेल. भरलेली नसेल तर एजंटने चारही आकडे दाखवून परवानगी घ्यायची.

१८ सप्टेंबर, गुरुवार

भाषेची साफसफाई. ‘शक्यतो’, ‘सहसा’, ‘गरज वाटल्यास’ काढले. जिथे पर्याय नाही तिथे ‘करायचंच’, जिथे आहे तिथे पर्याय कोणत्या अटीवर, ते. इंटरनेटच्या मानकांत ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांचे अर्थ १९९७ मध्ये आरएफसी २११९ ने पक्के केले, तीच शिस्त.

‘वर सांगितल्याप्रमाणे’ही काढलं. एजंटला शोधातून पानाचा एखादा तुकडाच मिळतो, त्या तुकड्यात ‘वर’ काहीच नसतं. इशारा ज्या गोष्टीचा आहे तिच्याच परिच्छेदात हवा. त्यामुळे काही वाक्यं तीन-तीन ठिकाणी आली. माणसांना ती पुनरुक्ती खटकेल, पण तशीच ठेवली.

२२ सप्टेंबर, सोमवार

उदाहरणं. एजंट सूचना वाचतो पण उदाहरण उचलतो. जुन्या पानातलं एकमेव उदाहरण कमांडची सगळी अंगं दाखवायची म्हणून तिन्ही शाखांचं होतं, डिलीटसकट. ४ तारखेला जे पाहिलं त्याचा उगम बहुधा इथेच.

नवं पहिलं उदाहरण साधं: अपडेट आणि इन्सर्ट. त्याच्याआधी मोजणीची क्वेरी, नंतर पडताळणीची, तिन्ही एकाच ठोकळ्यात, म्हणजे उचललं तर तिन्ही उचललं जाईल. डिलीटचं उदाहरण वेगळ्या पोटपानात. त्याच्या पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून अट: सोर्स पूर्ण संच असल्याचं काम देणाऱ्याने सांगितलेलं आहे.

‘असं करू नका’ म्हणून मी चुकीच्या कमांडही लिहिल्या होत्या, माणसांसाठीच्या शिकवणीत ही चांगली पद्धत आहे. चाचणीत शोधाने नेमका तोच ठोकळा वेगळा काढला, वरचा ‘असं करू नका’ मागे राहिला आणि एजंटने चुकीची कमांड आदर्श म्हणून घेतली. आता चुका फक्त शब्दांत सांगितल्या आहेत. चालवता येईल अशी चुकीची कमांड पानात एकही नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मागे घेण्याबद्दल. एजंटची एक आवडती योजना: ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, मर्ज चालवायचं, निकाल तात्पुरत्या टेबलात टाकून तपासायचा, नाही पटला तर रोलबॅक. वाचताना शहाणपणाची वाटते. पण ओरॅकल आणि स्नोफ्लेकमध्ये टेबल बनवण्याची कमांड चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट करते. तपासणीसाठी बनवलेलं टेबलच बदल पक्का करून टाकतं आणि नंतरच्या रोलबॅकला मागे घ्यायला काही उरत नाही. पोस्टग्रेसमध्ये मात्र टेबल बनवणंही ट्रान्झॅक्शनमध्ये मागे घेता येतं. एजंटने कुठे काय वाचलं आहे त्यावर आम्ही विसंबू शकत नाही, म्हणून नियम सरसकट: मर्ज आणि रोलबॅक यांच्यामध्ये टेबल बनवणारी किंवा बदलणारी कोणतीही कमांड नाही.

टाइम ट्रॅव्हल, म्हणजे टेबल आधीच्या एखाद्या वेळेच्या स्थितीला नेण्याची सोय, तिच्यावरही भरवसा बेतानेच. स्नोफ्लेकमध्ये ती मुळात १ दिवसाची, एंटरप्राइझ आवृत्तीत ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. बिगक्वेरीत मुळात ७ दिवस. चूक अहवालात दिसेपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असू शकते. मुदतीत असलं तरी टेबल सकाळी दहाच्या स्थितीला नेलं की दहानंतर इतरांनी लिहिलेलंही जातं. म्हणून मर्जआधीची वेळ आणि कमांडचा क्रमांक एजंटने नोंदवायचा, पण टेबल मागे न्यायचा निर्णय माणसाचा.

२४ सप्टेंबर, बुधवार

टूलचं वर्णन. एजंट आमच्या वेअरहाउसशी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या, एआयला बाहेरच्या टूलशी जोडणाऱ्या मानकातून बोलतो. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. त्यात टूल फक्त वाचणारं आहे का, विध्वंसक आहे का, पुन्हा चालवलं तर तोच निकाल देतं का, अशा खुणा देता येतात. आमच्या टूलवर त्या नव्हत्याच. न दिल्यास ते विध्वंसक आणि पुन्हा चालवायला असुरक्षित मानावं असं प्रोटोकॉल सांगतो, जे आमच्यासाठी बरोबरच आहे, पण आता स्पष्ट लिहिल्या. वाचण्याचं आणि बदलण्याचं टूल वेगळं केलं. एकाच ‘क्वेरी चालव’ टूलला कोणती खूण लावणार?

या खुणा सल्ल्यापुरत्या आहेत. पानही सल्ल्यापुरतंच. एजंटच्या रोलमधून मुख्य टेबलांवरची डिलीटची परवानगी आज काढायला सांगितली. जे पान वाचत नाही, अर्धवट वाचतं, किंवा टेबलातल्या एखाद्या शेऱ्यात कुणी लिहून ठेवलेली सूचना खरी मानतं, त्याला रोखण्याचं काम परवानगीचं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नव्या पानावर, नव्या क्लोनवर तेच काम, तेच शब्द: ‘दोन्ही टेबलं एकसारखी कर.’

एजंटने डिलीटची शाखा लिहिली नाही आणि लिहिली नसल्याचं सांगितलं. चार आकडे दिले. कीमध्ये नल सापडले, तिथे थांबून विचारलं. मी दोनदा वाचलं, फार बरं वाटलं.

दुपारी दुसरी बाजू दिसली. सोर्स आधीच स्वच्छ केलेला, की तपासलेली, मर्यादा भरलेली, अशा रोजच्या मर्जलाही तो परवानगी मागत बसला. तीनदा. थांबण्याच्या जागा लिहिण्याच्या नादात ‘इथे थांबू नका’ हे मी लिहिलंच नव्हतं. सतत विचारणाऱ्याला माणसं वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू लागतात, आणि मग खऱ्या प्रश्नालाही तेच उत्तर मिळतं. संध्याकाळी एक परिच्छेद वाढवला: डुप्लिकेट शून्य, कीमध्ये नल शून्य, डिलीटची शाखा नाही, बदल मालकाच्या मर्यादेत, शाखेत बेरीज किंवा चालू वेळ नाही, हे सगळं मोजून खरं ठरलं असेल तर न विचारता चालवा आणि आकडे कळवा.

३० सप्टेंबर, मंगळवार

पान लागू केलं. सरांनी शेवटचं वाचून एकच बदल सुचवला: डुप्लिकेटच्या एररच्या मजकुरातच पानाच्या त्या भागाचा पत्ता द्यावा, कारण अडलेला एजंट आधी एरर वाचतो. टूलमध्ये तो आज गेला. ११ तारखेच्या दोन पाइपलाइनपैकी एकीत डुप्लिकेट ऑर्डरी सापडल्या. टेबलाच्या मालकांना ओळींसकट कळवलं आहे, दुरुस्ती ते ठरवतील.

पुढचं पान ‘अपडेट’चं. स्नोफ्लेकमध्ये जोडणीवाल्या अपडेटसाठी मर्जसारखाच पॅरामीटर आहे, पण तो मुळात बंद असतो: एका ओळीला दोन सोर्स-ओळी जुळल्या तरी एरर येत नाही. आमचं वेअरहाउस काय करतं ते आज क्लोनवर पाहिलं. मर्ज जिथे अडलं, तिथे त्याच दोन ओळींवर अपडेट गप्प राहून पुढे गेलं. नव्या पानाच्या पहिल्या ओळीत हेच लिहून ठेवलं आहे.